संगणकाचा पडदा काळा पडतो तेव्हा
(केंद्र संमेलनातील भाषण)



खेड्यातील प्राथमिक शाळेचा संगणक बहुधा एकुलता एक असतो, आणि पुष्कळदा तो तिसरी-चौथीतील मुलाहूनही वयाने वडील असतो. विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठराविक नवे प्रोसेसर असल्याखेरीज बसत नाही. जुन्या यंत्रांत हे दोन्ही नसते. अशा वेळी उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली बसविण्याचा विचार शाळेपुढे येतो आणि तो योग्यच होय. उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये निघाली. चार जीबी रॅम आणि पंचवीस जीबी मोकळी जागा असलेल्या चौसष्ट बिटी यंत्रावर ती चालते. याहून अशक्त यंत्रासाठी झुबुंटू अथवा लुबुंटू ही हलकी भावंडे बरी.

परंतु या कामात एक प्रसंग असा येतो की, जेथे धीट शिक्षकही हात आखडता घेतो. पेनड्राइव्ह लावला, यंत्र सुरू केले, निवडीची यादी दिसली, पहिली ओळ निवडली, आणि पडदा काळा झाला. पाच मिनिटे गेली तरी काळाच. मग ‘यंत्र जळाले’ असा निर्णय होतो, जडसंग्रह नोंदवहीत ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो आणि यंत्र कपाटात जाते. असे यंत्र पुढे निर्लेखनाच्या दिवशीच बाहेर येते. मधल्या काळात ज्या मुलांचे बोट कळफलकाला लागायचे राहिले, त्यांची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. म्हणून शेरा मारण्यापूर्वी त्या काळ्या पडद्यामागे काय घडते ते समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्र सुरू होताच प्रथम जी अक्षरे उमटतात, ती यंत्रात कायम वसलेली मूळ आज्ञावली उमटविते. तिचे चित्रकाम साधे, परंतु कोणत्याही पडद्यावर चालणारे. त्यानंतर ‘ग्रब’ नावाचा द्वारपाल निवडीची यादी दाखवितो आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, याला आत घेतो. कर्नल चित्रकामाची सूत्रे आपल्या हाती घेतो व चित्रपत्रास, म्हणजे ग्राफिक्स कार्डास, योग्य असा ड्रायव्हर लावतो. या हस्तांतराच्या क्षणीच घोटाळा होतो. ड्रायव्हरला ते कार्ड नीट ओळखता आले नाही, अथवा पडद्याला न पेलणारी मांडणी त्याने पाठविली, तर चित्र नाहीसे होते. यंत्र आत जिवंत असते. फक्त त्याचे बोलणे पडद्यापर्यंत पोचत नाही.

ते जिवंत आहे की नाही हे पाहण्यास कळफलकावरील कॅप्स लॉक ही कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र चालू आहे असे समजावे. दिवा हलत नसेल तर मात्र यंत्र खरोखर अडकले असण्याचा संभव आहे. मुळात ती यादीच कधी दिसली नसेल तर प्रश्न निराळा: पडद्याची तार, सैल झालेली रॅम किंवा बिघडलेला पेनड्राइव्ह. ज्या यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसविलेले आहे, तेथे पडद्याची तार त्या कार्डालाच जोडलेली असावी; ती मूळ फलकाच्या जागेत खोवल्याने पडदा काळा राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

यादी दिसून नंतर काळोख होत असेल तर उपाय सोपा आहे. उबुंटूच्या यादीत ‘सेफ ग्राफिक्स’ असे शब्द असलेली दुसरी ओळ असते. ती निवडून पाहावी. ती नसल्यास पहिल्या ओळीवर राहून ‘ई’ ही इंग्रजी कळ दाबावी. आज्ञांचा मजकूर उघडतो. त्यात ‘लिनक्स’ या इंग्रजी शब्दाने सुरू होणारी ओळ शोधून तीत ‘क्वाएट स्प्लॅश’ या शब्दांच्या शेजारी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहावा. एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी ही नऊ इंग्रजी अक्षरे सलग, लहान लिपीत. नंतर एफ १० दाबावे. या शब्दाचा अर्थ इतकाच की, कर्नलने चित्रकामाची सूत्रे स्वतःकडे न घेता मूळ साध्या चित्रावरच काम भागवावे. चित्र थोडे ओबडधोबड येते आणि हालचाल मंद वाटते; परंतु दिसते, आणि प्रणाली बसविता येते. ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन शब्द पुसून टाकले तर काम कोठे अडते त्याचे संदेशही पडद्यावर वाचता येतात.

मात्र हा शब्द सर्व रोगांवरचा काढा समजू नये. इंटेलचे अंगभूत चित्रकाम असलेल्या यंत्रांत त्याची गरज क्वचित् पडते. तेथे आधी पेनड्राइव्ह पुन्हा तयार करावा आणि उतरवून घेतलेल्या फाईलची एसएचए-२५६ ही खूण मूळ संकेतस्थळावरील खुणेशी ताडून पाहावी. अर्धवट उतरलेली फाईल हे वीज व जाळे खंडित होणाऱ्या गावी अगदी साधे कारण असते. एनव्हिडियाचे कार्ड असेल तेथे नोमोडसेट बहुधा कामास येते.

प्रणाली बसल्यावर पहिल्यांदा सुरू करताना तोच काळोख पुन्हा येऊ शकतो, कारण आधी लिहिलेला शब्द त्या एका वेळेपुरताच होता. यादी आपोआप दिसत नसल्यास जुन्या बायोसच्या यंत्रात शिफ्ट दाबून धरावी, यूईएफआयच्या यंत्रात एस्केप हलकेच दाबावी, आणि तो शब्द पुन्हा घालावा. आत गेल्यावर प्रणाली अद्ययावत करून ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ या सोयीतून कार्डाचा योग्य ड्रायव्हर घ्यावा. सिक्युअर बूट चालू असेल तर या वेळी एक संकेतशब्द ठरविण्यास सांगितले जाते आणि पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर तोच मागितला जातो. तो निळा पडदा म्हणजे बिघाड नव्हे. घाईने तो टाळला तर ड्रायव्हर चालत नाही आणि काळोख परत येतो.

हे सारे करण्यापूर्वी शाळेच्या नोंदी, मुलांची चित्रे व निकालपत्रके दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून, दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावीत. संपूर्ण डिस्क पुसून प्रणाली बसविण्याचा पर्याय निवडला की जुने काही उरत नाही. एवढ्यावरही पडदा काळाच राहिला तर तंत्रज्ञास बोलवावे, आणि यादी दिसली की नाही, कॅप्स लॉकचा दिवा हलला की नाही, कोणता शब्द घातला व शेवटचा संदेश कोणता होता, ते एका कागदावर लिहून यंत्राला चिकटवून ठेवावे.