घरातील अडगळ

दसरा सरला की घरोघरी दिवाळीची झाडलोट सुरू होते. माळ्यावरचे सामान खाली उतरते, पुसले जाते आणि बहुधा तेच पुन्हा माळ्यावर चढते. धूळ जाते, अडगळ राहते. कारण काय ठेवावे, काय काढावे याचा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो.

पूर्वी जुने कपडे घेऊन भांडे देणारी बोहारीण दारी येई व वस्त्रांना आपसूक वाट मिळे. आता ती क्वचितच दिसते. वाट घरच्यांनाच काढावी लागते. त्यासाठी सारे घर एकदम उपसू नये. एका दिवशी एक फळी वा एक खण पुरे. मुदत संपलेली औषधे प्रथम काढावीत. खरेदीखते, जन्माचे दाखले रद्दीत जाऊ नयेत म्हणून वेगळे ठेवावेत. कपडे द्यावयाचे तर धुऊन, सांधून द्यावेत. घेणाऱ्यासही मान असतो.

दिवंगत आईच्या लुगड्यांपाशी मात्र हात थबकतो. तेथे घाई नको. एक लुगडे आठवणीसाठी जपावे, उरलेली कोणाच्या तरी अंगावर नांदू द्यावीत. पेटीत वर्षानुवर्षे कोंडलेल्या वस्त्रांना अखेर कसरच लागते.