चपटी ज्योत
(चंद्रपूरला केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीत हमाली करतो, कविता लिहितो, शिक्षण मॅट्रिक. भट्टीवर बोलायचा परवाना याला कुणी दिला, असं कुणी म्हणेल. बर्नरची खोकी याच खांद्यावरून उतरलीत. आत काय आहे हे विचारायची मला खोड आहे.

तुमच्या चांद्याचं लोखंड आगीनंच अडवलं. लोहाऱ्याचं खनिज मातीच्या भट्टीत, लाकडी कोळशावर, भाते मारून गाळणारे लोक इथं होते. मग १८८२ साली फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मनाचा अहवाल जमशेटजी टाटांनी वाचला. लोहाऱ्याला लोखंड, वरोऱ्याला कोळसा. नमुने जर्मनीत तपासले, कोळसा कामाचा निघाला नाही. १९०७ साली कंपनी निघाली, कारखाना गेला साकचीला. डोंगर जागच्या जागी.

आता गडचिरोलीतल्या सुरजागडचं खनिज ट्रकांनी खाली येतंय, आपली पोरं भट्ट्यांवर लागताहेत. म्हणून ही आग समजून घ्या.

लाटायच्या आधी पोलादाचा ठोकळा बाराशे अंशांच्या आसपास तापवतात. साध्या बर्नरची लांब ज्योत जिथं चाटते तिथं माल करपतो, खपली धरतो, पलीकडं कच्चा. फ्लॅट फ्लेम बर्नर छतात बसतो. हवा भोवऱ्यासारखी गरगरवत सोडतात. तोंडाशी धोतऱ्याच्या फुलासारखी फाकलेली भट्टीची वीट. ज्योत त्या वळणाला चिकटून छताखाली भाकरीसारखी पसरते. छत लाल होतं, सगळ्या मालावर सारखी धग टाकतं. एवढंच गुपित, आणि त्याचं पुस्तक इंग्रजीत, साहेबाच्या कपाटात! विटेची कड फुटली, हवेचा फिरका मंदावला, की ज्योत खाली लोंबते. झरोक्याशी उभ्या ठेकेदारीच्या पोराला ते सगळ्यात आधी दिसतं. त्याला विचारतो कोण?

पेटवायची रीत मात्र पाठ करा. आधी धुराड्याची झडप उघडा. मग नुसती हवा सोडा, साचलेला गॅस पुरता निघेस्तोवर. मग पायलट. तो पेटलेला डोळ्यांनी बघा, मगच गॅस. ज्योत विझली तर गॅस बंद, पुन्हा हवा, पुन्हा पहिल्यापासून. पेटता बोळा आत फेक म्हणणारा मुकादम स्वतः लांब उभा असतो, तेवढं बघून ठेवा. गॅस कोळशापासून केलेला असेल तर त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड झालं, पाय लटपटले, तर उपाशीपोटी चक्कर आली समजू नका. बाहेर पळा. आत कुणी पडलेला दिसला तर ओरडून माणसं गोळा करा. तोंडाला रुमाल बांधून एकट्यानं आत शिरू नका, रुमालानं तो गॅस अडत नाही.