साताऱ्याची सैनिक शाळा


आज जाऊ या साताऱ्याला.
देशातली पहिली सैनिक शाळा इथलीच.
२३ जून १९६१ ला ती सुरू झाली.
तेव्हा संरक्षणमंत्री होते व्ही. के. कृष्ण मेनन.

इथे दिवस पहाटेच उजाडतो.
आधी पीटी. मग वर्ग.
संध्याकाळी मैदान.
बुटांना पॉलिश स्वतःच करायचं.
घरी पाण्याचा पेला न उचलणारं पोर
इथे चादरीची घडी घालायला शिकतं.
आयांना हे बघेपर्यंत खरं वाटत नाही!

पण एक गोष्ट ध्यानात घ्या.
सैनिक शाळेत प्रवेश,
म्हणजे सैन्यात भरती नव्हे.
पुढे एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा द्यावी लागते.
मग एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत.
ती चांगली काही दिवस चालते.
तिथे घोकंपट्टी उपयोगाची नाही.
चारचौघांत कसे वागता, अडचणीत काय करता,
तेच तिथे पाहतात.
नंतर वैद्यकीय तपासणी.
तेव्हा कुठे खडकवासल्याच्या एनडीएचं दार उघडतं.
पुन्हा सांगते,
शाळा तयारी करून घेते.
निवड ज्याची त्यानंच मिळवायची.

शाळेत प्रवेश सहावीत आणि नववीत मिळतो.
त्यासाठी देशभर एकच परीक्षा असते.
आता मुलीही ती देऊ शकतात.

दहावी झालेल्या मुलांसाठी
छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची संस्था आहे.
तिथेही एनडीएचीच तयारी होते.

आणि पालकहो,
अर्ज भरण्याआधी एकदा मुलाला विचारा,
"बाळा, तुला जायचंय का?"