दात माहेरचे, हाडे सासरची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दोन बायका पहिल्यांदा भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमचं माहेर कुठलं?" गावाचे नाव निघाले की कुणी ना कुणी ओळखीचे निघते आणि बोलणे सुरू होते. माझा आजचा विषय हाच प्रश्न आहे. फरक एवढाच, की शास्त्रज्ञ हा प्रश्न हजारो वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांना विचारतात आणि दगडालाही विचारतात. मौज अशी की दोघेही उत्तर देतात.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. थोरली मुलगी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. तिला भाकरी थापता थापता पुन्हा पुन्हा विचारून जे मला नीट समजले, तेवढेच मी सांगणार आहे.

आधी दगडाचे सांगते. आपल्या या पंचतारांकित वसाहतीत कारखान्याचा पाया खणताना आपण सर्वांनी पाहिले आहे. वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हाच पाषाण पन्हाळ्याला आणि हाच जोतिबाच्या डोंगराला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस वर आला, थरावर थर साचला आणि त्याचा हा दगड झाला. शास्त्रज्ञांनी या थरांच्या गटांना सह्याद्रीतल्या गावांची व घाटांची नावे दिली आहेत. बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी ती नावे असून त्यांत एक नाव पन्हाळा हेही आहे. आपल्या पन्हाळ्याचे नाव देशोदेशीच्या शास्त्रग्रंथांत गेले ते असे.

हा रस आला कोठून? आपण राहतो ते पृथ्वीचे कवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाडीचे. त्याच्या खाली २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जे आहे त्याला प्रावरण म्हणतात. तेथवर कोणी पोहोचलेले नाही. रशियात कोला येथे माणसाने सर्वांत खोल भोक पाडले, तेही १२ किलोमीटरच्या थोडे पुढे गेले आणि थांबले. तेव्हा पृथ्वीच्या पोटातला निरोप आणायला हा काळा पाषाणच उपयोगी पडतो.

तो निरोप वाचायचा कसा? दगडात स्ट्रॉन्शियम नावाचे एक मूलद्रव्य अगदी थोडे असते. त्याचे सगळे अणू गुणाने सारखे, पण वजनाने सारखे नसतात. काही ८६ वजनाचे, काही ८७ चे. यांना समस्थानिक म्हणतात. एका घरात दोन जावा एकच काम करतात, पण एकीचा हात किंचित जड, तसेच हे. आता यातली खुबी पाहा. रुबिडियम नावाच्या दुसऱ्या मूलद्रव्याचे ८७ वजनाचे अणू आपोआप, फार सावकाश, ८७ वजनाचे स्ट्रॉन्शियम होत जातात. निम्मे व्हायलाच सुमारे ४,९०० कोटी वर्षे लागतात, आणि पृथ्वीचे वय आहे ४५० कोटींच्या आसपास.

गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळला की मळी वर येते. पृथ्वीच्या घडणीतही रुबिडियम असेच वरच्या कवचात अधिक आले आणि खाली प्रावरणात कमी राहिले. म्हणून जुन्या ग्रॅनाइटाच्या खडकात ८७ वजनाचे स्ट्रॉन्शियम वाढत गेले आणि प्रावरणात फारसे वाढले नाही. ८७ ला ८६ ने भागले की जो आकडा येतो, तो आंबेनळीच्या थरात ०.७०४ च्या आसपास भरतो. म्हणजे तो रस वाटेत फारसे काही न मिसळता खालून सरळ वर आला. बुशेच्या थरात आकडा ०.७१३ च्याही वर जातो. म्हणजे त्या रसात येता येता कवचाचा जुना खडक वितळून मिसळला. आकड्यांतला हा फरक आपल्याला क्षुल्लक वाटेल. पण अणू तोलणारी यंत्रे दशांशाच्या पाचव्या स्थळापर्यंत हिशेब देतात. सुपाने पाखडताना हलके एकीकडे आणि जड दुसरीकडे पडते, तसे या यंत्रात विजेने भारलेले अणू चुंबकाजवळून सोडतात. हलके जास्त वळतात, जड कमी.

आता दगडावरून माणसावर येते. दगड झिजून त्याची माती होते. मातीतले स्ट्रॉन्शियम पाण्यात, ज्वारीत, चाऱ्यात आणि दुधात उतरते, आणि शरीर त्याला कॅल्शियमचा भाऊ समजून दाताहाडांत बसवते. आकडा मात्र त्या दगडाचाच राहतो. दाताचा वरचा पांढरा कडक थर लहानपणी एकदाच घडतो. पहिल्या दाढेचा जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत, दुसरीचा सातव्या-आठव्यापर्यंत, अक्कलदाढेचा त्याहून पुढे. एकदा घडला की तो बदलत नाही. हाड मात्र जन्मभर थोडेथोडे झिजते आणि पुन्हा भरते. म्हणून मी म्हणते, बाईचे दात माहेरचे आणि हाडे सासरची! माझे माहेर गोकाकच्या बाजूचे, वालुकाश्माच्या मुलखातले. माझ्या दाढेत तो दगड आहे, आणि पंचवीस वर्षे येथले पाणी पिऊन हाडांत कागलचा काळा पाषाण भरला आहे.

कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले. त्या टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती सापडली. सातवाहनांच्या काळी रोमकडचा माल येथवर येत होता, हे त्यावरून कळते. पण वस्तू आली म्हणजे माणूस आला असे नव्हे. वस्तू दहा हातांतून फिरते. दात मात्र माणसाबरोबरच येतो.

असे दात हडप्पा आणि हरियाणातील फरमाणा येथल्या, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या स्मशानभूमींतले तपासले गेले. त्या कामात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे व वीणा मुश्रीफ-त्रिपाठी हेही होते. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की तेथे पुरलेली जवळजवळ सगळी माणसे बाहेर जन्मलेली आणि लहानपणीच त्या गावी आलेली होती. जर्मनीत लेख नदीच्या खोऱ्यातील चार हजार वर्षांपूर्वीच्या ८४ जणांचा अभ्यास २०१७ साली पुढे आला. तेथले पुरुष बहुतेक त्याच खोऱ्यातले आणि बायका बहुतेक लांबून आलेल्या. पण त्या परक्या बायकांना पुरताना गावाने काही वेगळे केले नव्हते. गावच्या माणसासारखाच त्यांचा शेवट केला होता. आणि याहून जुने सांगू? दक्षिण आफ्रिकेतील दोन गुहांत सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या, माणसाच्या पूर्वजांसारख्या प्राण्यांचे १९ दात तपासले. २०११ साली कळले, की लहान दात, म्हणजे बहुधा माद्यांचे, निम्म्याहून अधिक परठिकाणचे होते आणि मोठे दात बहुतेक तेथलेच. माहेर सोडण्याची रीत माणूस माणूस होण्याच्याही आधीची दिसते!

या विद्येला मर्यादाही आहेत. नाशिकपासून कागलपर्यंत दगड काळाच, तेव्हा "ही बाई येथली नव्हे" हे दात सांगेल, पण "अमुक गावची" हे नेहमीच सांगेल असे नाही. शिवाय आता आपण रेशनचा पंजाबी गहू खातो आणि परगावचे तांदूळ आणतो. उद्याच्या शास्त्रज्ञाला आपले दात वाचताना घाम फुटेल.

हे सगळे मी आज का सांगितले, ते आता सांगते. वसाहतीच्या आजूबाजूला खोल्या घेऊन बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथली कुटुंबे राहतात. त्यांचे पुरुष आपल्या पुरुषांबरोबर एकाच भट्टीपुढे उभे राहतात. त्या बायकांना मंडळाच्या सभासद करून घ्यावे की नाही, हा प्रश्न गेल्या बैठकीत निघाला आणि "त्या आपल्याकडच्या नव्हेत" म्हणून पुढे ढकलला गेला. भगिनींनो, त्या येथल्या नाहीत हे खरे. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीजणी येथे जन्मल्या? कुणी निपाणीहून आली, कुणी गडहिंग्लजहून, कुणी कोकणातून. आम्ही गाडीत बसून आलो, त्या रेल्वेत बसून आल्या. आम्हांला घेऊन येणारे लग्न होते, त्यांना घेऊन येणारे पोट. आणि त्यांची लेकरे? ती येथल्याच अंगणवाडीत जातात, येथलेच पाणी पितात, येथल्याच गवळ्याचे दूध पितात. या घटकेला त्यांच्या दाढांत आपल्या मातीचा आकडा उतरतो आहे. माझ्या दाढेत कागल नाही, त्यांच्या लेकरांच्या दाढेत आहे. मग येथले अधिक कोण?

दातांनी कुणाचा हक्क ठरावा असे मी म्हणत नाही. तो आपल्या मनानेच ठरायचा आहे. माझी सूचना इतकीच आहे, की येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण खोल्यांतून स्वतः जाऊन आमंत्रण करावे, वाण सर्वांना एकच द्यावे, आणि वर्गणी घेऊन ज्यांची इच्छा असेल त्यांची नावे वहीत लिहावीत. भाषेची अडचण येईल. पण बोलणे सुरू करायला एक प्रश्न आपल्याला आणि त्यांना चांगला ठाऊक आहे. "तुमचं माहेर कुठलं?" एवढे विचारले तरी पुढचे आपोआप येईल.