सुळेभावीचा मुलगा आणि आपली मुले



बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी एका कानडी घरात शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ हा मुलगा जन्मला. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून तो मोठ्या गवयांची गाणी हुबेहूब म्हणे. पुढे वडिलांनी त्याला मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे ठेवले. देवधर मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. त्या मराठी गुरूकडे वाढलेला हा मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. पुढे त्यांनी बालगंधर्वांची गायकी उलगडून दाखवली, तुकाराम गायला आणि देवासला राहून माळव्याची लोकगीते आपलीशी केली. त्यासाठी त्यांना कानडीपण टाकावे लागले नाही.

असेच कुंदगोळचे रामभाऊ. मातृभाषा कानडी, गुरू उत्तरेतल्या किराण्याहून आलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ, आणि 'सवाई गंधर्व' ही पदवी मिळाली ती मराठी रंगभूमी गाजवून. त्यांच्याकडे भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल शिकले. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म तर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा.

ही नावे आपण अभिमानाने घेतो. पण आज मला प्रश्न विचारायचा आहे तो मोठ्यांबद्दल नव्हे, मुलांबद्दल. बेळगावात किंवा निपाणीत शेजारीशेजारी राहणारी मराठी आणि कानडी मुले एकमेकांचे एक तरी गाणे अर्थासह म्हणू शकतात का? त्यांच्या शाळा वेगळ्या, सण साजरे करण्याचे मंडप वेगळे. मग ती इंग्रजीत बोलतात किंवा बोलतच नाहीत.

गाण्याचा क्लास ही या बाबतीत मोठी सोयीची जागा आहे. सा रे ग म ला भाषांतर लागत नाही, हे आपण नेहमी ऐकतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ख्यालाच्या बहुतेक बंदिशी ब्रज भाषेत आहेत. ती ना आपल्या घरची, ना त्यांच्या घरची. म्हणून तंबोऱ्यासमोर बसलेली दोन्ही मुले त्या शब्दांपासून सारख्याच अंतरावर असतात. कोणी यजमान नाही, कोणी पाहुणा नाही. अशी समपातळी आपल्या गावात दुसरीकडे सहसा मिळत नाही.

पण तेवढ्यावर थांबू नये. बंदिशीनंतर मराठी मुलाने पुरंदरदासांचे एखादे पद आणि कानडी मुलाने एखादा अभंग शिकावा. कर्नाटक संगीतात मुलांना सुरुवातीला जे स्वरपाठ देतात, त्यांचे जनकत्व परंपरेने या पुरंदरदासांकडेच दिले आहे, आणि त्यांच्या पदांची मुद्रा आहे 'पुरंदर विठ्ठल'. आपल्या संतांनी ज्या विठ्ठलाला कानडा म्हटले, तोच हा. मुलांना हे भाषण देऊन कळणार नाही. पद पाठ झाले की आपोआप कळेल.

दुसऱ्याची भाषा गाताना कानही तयार होतो. आपण 'देव' म्हणताना शेवटचा 'अ' गिळतो. कानडीत शब्दाचा शेवटचा स्वर उच्चारावाच लागतो. उलट, 'चमचा' आणि 'चंद्र' यांतले दोन वेगळे 'च' कानडी मुलाला मुद्दाम ऐकावे लागतात. आणि 'ळ' मात्र दोघांनाही शिकवावा लागत नाही. तो दोघांच्याही घरचा आहे.

येथे कोणी म्हणेल, गाण्याने सीमाप्रश्न सुटणार आहे का? नाही. भीमसेनांना दोन्हीकडच्यांनी टाळ्या दिल्या, तरी तंटा राहिलाच. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा भाषेच्या हक्काचा प्रश्न आपल्या जागी आहे आणि तो सनदशीर मार्गाने मांडलाच पाहिजे. पण त्याच्या निकालासाठी मुलांचे बालपण थांबून राहत नाही. ज्या मुलाला शेजाऱ्याचे पद येते, त्याला शेजाऱ्याबद्दल कोणीही काहीही सांगितले तरी ते तो पारखून घेईल. आपल्याला एवढे पुरे.

मराठी पातळ होईल ही भीतीही मला पटत नाही. घरात मराठी बोलली, वाचली गेली नाही तर ती पातळ होते. शेजारच्या भाषेतले पद म्हटल्याने नव्हे.

म्हणून पालकांना माझी विनंती साधी आहे. 'प्रारंभिक' आणि 'प्रवेशिका'च्या परीक्षा मुलांनी जरूर द्याव्यात, पण प्रमाणपत्रासाठी घाई करू नये. क्लासच्या गुरुजींना सांगावे, वर्षाला एक कानडी पद शिकवा. त्याचा अर्थ पुस्तकातून न घेता मुलाला शेजारच्या अज्जींकडे पाठवावे. आणि त्यांचा नातू अभंगाचा अर्थ विचारायला आपल्या दारात आला, तर हातातले काम बाजूला ठेवून त्याला आधी बसवून घ्यावे.