तारेचा हेडफोन कीं बिनतारी?

डोळ्यास पापणी आहे, कानास नाहीं. मनुष्य गाढ झोपला तरी त्याचा कान उघडाच राहतो, आणि म्हणूनच मध्यरात्रीं वाऱ्यानें माडाची झावळी पडली किंवा गोठ्यांतील जनावर बिथरलें तर घरधनी जागा होतो. निसर्गानें जी पापणी कानास दिली नाहीं, ती मनुष्यानें स्वतः तयार करून कानावर बसविली. तिचें नांव हेडफोन. देवगडपासून शिरोड्यापर्यंतच्या किनारपट्टींत आज ज्या घरांत ही वस्तु नाहीं असें घर विरळाच. एस. टी. च्या गाडींत खिडकीशीं बसलेला विद्यार्थी, पडवींत बसून मुंबईच्या चाकरमानी मुलाशीं बोलणारे आजोबा, दुपारचीं भांडीं आवरतां आवरतां भजन ऐकणारी गृहिणी, या सर्वांच्या कानाशीं ती आहे.

या वस्तूचे आतां दोन पंथ झाले आहेत. एक तारेचा व दुसरा बिनतारी, ज्यास बाजारांत सरसकट 'ब्लूटूथ' म्हणतात. दुकानदार बिनतारी नग पुढें करतो, तरुण मंडळींस तोच आवडतो, आणि घरांतील वडील माणसें जुनी तार सोडावयास तयार नसतात. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर त्यावर वेळ खर्चण्याचें कारण नव्हतें. परंतु मालवणच्या किनाऱ्यावरील खारी हवा, तेथील पाऊस आणि तेथें वारंवार येणारीं वादळें यांची साक्ष काढली म्हणजे या निवडीस निराळें महत्त्व येतें.

प्रथम या दोहोंचें कुळ पाहूं. तार अर्थातच वडील. आजही गायनाच्या ध्वनिमुद्रणगृहांत जी पाव इंची खुंटी हेडफोनच्या तारेस असते, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोनच्या केंद्रांत जन्मास आली; तेथील कामगार एक तार उपटून दुसऱ्या भोंकांत खोंवीत व दोन माणसांची गांठ घालून देत. पुढें १९१० सालीं अमेरिकेंतील युटा प्रांताच्या नॅथॅनियल बाल्डविन नांवाच्या गृहस्थानें आपल्या स्वयंपाकघरांत बसून दोन्ही कानांवर बसणारा हेडफोन तयार केला, आणि तेथील आरमारानें तो विकत घेतला. रेडिओच्या बाल्यावस्थेंत हा हेडफोन नसता तर पुष्कळांस रेडिओ ऐकतांच आला नसता. त्या काळच्या स्फटिकाच्या संचास वीज लागत नसे. आकाशांतून येणाऱ्या लहरींत जी अत्यल्प शक्ति असे तिच्यावरच तो बोले, आणि तो क्षीण आवाज ऐकण्यास कानाशीं घट्ट बसणारा हेडफोनच हवा असे. अशा स्फटिकाचा उपयोग विद्युत्‌लहरी टिपण्यासाठीं करतां येतो हें ज्यांनीं आरंभीं दाखविलें त्यांत आपले जगदीशचंद्र बसू अग्रगण्य होत. त्यांच्या या शोधास १९०४ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें.

येथें एक मौज लक्षांत घेण्याजोगी आहे. रेडिओस लोक 'बिनतारी' म्हणत, पण शेंकडों मैल तारेवांचून आलेला आवाज शेवटचा हातभर प्रवास तारेंतूनच करी. आजच्या बिनतारी हेडफोननें तेवढा हातभर प्रवासही तारेवांचून करून दाखविला, इतकेंच. १९९४ सालीं स्वीडनच्या एरिक्सन कंपनींत या कल्पनेवर काम सुरू झालें, आणि दहाव्या शतकांतील हॅराल्ड नांवाच्या डेन्मार्कच्या राजाच्या टोपणनांवावरून तिला 'ब्लूटूथ' हें नांव मिळालें. २०१६ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या आयफोन ७ मधून हेडफोनचें वाटोळें भोंक काढून टाकलें, तिच्या पाठोपाठ इतर अनेक कंपन्यांनीं तोच मार्ग धरला, आणि तारेस उतरती कळा लागली.

आतां दोहोंच्या कार्यपद्धतीकडे वळूं. तारेच्या हेडफोनमध्यें मोबाईल विजेचे स्पंद तारेंतून धाडतो व कानाजवळचा लहानसा पडदा त्याप्रमाणें थरथरतो. मध्यें कोणी दुभाष्या नाहीं. बिनतारी प्रकारांत मोबाईल प्रथम आवाजाची घडी घालून तो लहान करतो, मग त्याचे तुकडे करून सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या लहरींवरून फेंकतो, आणि कानांतील यंत्र ते तुकडे जुळवून घडी उलगडतें. शेजारच्या यंत्रांशीं टक्कर होऊं नये म्हणून या लहरी एका सेकंदांत १,६०० वेळां आपला मार्ग बदलतात. एवढा खटाटोप हरभऱ्याहून फारशा मोठ्या नसलेल्या वस्तूंत चालतो, हें मानवी बुद्धीचें कौतुकच होय. मात्र या खटाटोपास थोडा वेळ लागतो. साध्या नगांत तो सेकंदाच्या दहाव्या-पांचव्या हिश्श्याइतका भरतो. बातम्या, व्याख्यान किंवा डबलबारीचें भजन ऐकणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं. परंतु मोबाईलच्या पडद्यावर पेटीचे सूर दाबून शिकणाऱ्या मुलास बोट आधीं व सूर मागून असा अनुभव येतो, आणि त्याचा हात बिघडतो. अशा शिकाऊ मुलास तारच योग्य.

किनाऱ्यावरील हवा मात्र दोघांचीही सारखीच परीक्षा पाहते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांत मिठाचे सूक्ष्म कण असतात. घामांतही मीठ असतें. तारेच्या खुंटीवर त्याचा थर बसला कीं आवाज खरखरतो, पण कोरड्या फडक्यानें खुंटी पुसली म्हणजे बहुधा काम भागतें. तार तुटते ती नेहमीं खुंटीच्या मुळाशीं, जेथें ती वारंवार वांकते. आणि बाजारांतील रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर तेथें सोल्डरिंग करून देऊं शकतो. बिनतारी हेडफोनच्या डबींत ज्या बारीक पितळी टिकल्यांवरून बॅटरी भरते, त्यांवर मीठ चढलें कीं एक कान भरतो व दुसरा रिकामा राहतो. पुष्कळ नगांवर पाण्यापासून संरक्षण असल्याची खूण असते. ती वाचून कोणी समुद्रावर निर्धास्त होऊं नये. ती परीक्षा साध्या गोड्या पाण्याची असते, खाऱ्या पाण्याची नव्हे.

खर्चाचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. तारेचा बरा हेडफोन दोनतीनशें रुपयांत येतो व त्यास स्वतःची बॅटरी नसते. बिनतारी जोडीस तीन बॅटऱ्या असतात, दोन कानांच्या दोन व डबीची एक. या जातीची बॅटरी कांहीं शें वेळां भरली-रिकामी झाली कीं तिचा दम कमी होतो, आणि ती आंत अशी चिकटवून बसविलेली असते कीं सामान्य कारागिरास बदलतां येत नाहीं. दोन-चार वर्षांत सबंध नग टाकावा लागतो. तो घरच्या केरांत न टाकतां ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. माडाच्या मुळाशीं पुरून तर मुळींच ठेवूं नये.

एवढें सांगितल्यावर बिनतारी हेडफोनचे गुण नाकारणें अन्यायाचें होईल. ज्याचे दोन्ही हात कामांत गुंतले आहेत त्यास तो वरदान आहे. विहिरीवर, चुलीशीं, शिवणयंत्रावर तार अडकते, ओढली जाते, मोबाईलही खालीं पाडते. ज्यास चालतांना मुंबईचा फोन घ्यावयाचा आहे त्यानें एकाच कानांत बिनतारी नग घालून दुसरा कान मोकळा ठेवावा, हेंच शहाणपण. परंतु येथें 'दुसरा कान मोकळा' हे शब्द महत्त्वाचे. हल्लीं बाहेरचा आवाज मारून टाकणारे नग निघाले आहेत. एस. टी. च्या लांबच्या प्रवासांत त्यांचा उपयोग आहे, कारण आवाज न वाढवितां ऐकतां येतें. परंतु वळणावळणाच्या रस्त्यानें चालतांना मागून येणारी गाडी, पाचोळ्यांत सळसळणारें जनावर, रापण ओढतांना पुढच्या माणसानें दिलेली हांक, होडीच्या यंत्राचा बदललेला सूर, हे सारे आवाज मनुष्याच्या जिवाचे राखणदार आहेत. त्यांस दाराबाहेर उभें करून गाणें ऐकणें महाग पडूं शकतें.

कानाच्या आरोग्याविषयीं म्हणाल तर तार असो वा नसो, इजा आवाजाच्या जोरानें होते. जागतिक आरोग्य संघटनेनें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत निर्धोक मानला आहे. तोच ९० डेसिबल झाला कीं ही मर्यादा ४ तासांवर येते. म्हणजे आवाज थोडासा चढविला तरी ऐकण्याचा काळ झपाट्यानें घटतो. आंतील कानाच्या ज्या सूक्ष्म केसाळ पेशी एकदां मेल्या त्या पुनः उगवत नाहींत. कोंकणच्या दमट पावसाळ्यांत कानांत बुरशी धरण्याचा विकारही होतो. यास्तव ओल्या कानांत हेडफोन घालूं नये, आणि कान दुखत असल्यास आपला नग दुसऱ्यास देऊं नये.

एकत्र ऐकण्याच्या बाबतींतही तारेकडे एक जुना गुण आहे. १९७९ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें पहिला वॉकमन विक्रीस काढला, तेव्हां त्यास हेडफोनसाठीं दोन भोंकें ठेवलीं होतीं, कीं दोघांनीं बरोबर ऐकावें. आजही आजी आणि नात एकाच तारेचें एकेक टोक कानांत घालून शेजारीं शेजारीं बसतात. तार आंखूड असल्यानें त्यांस जवळ बसावेंच लागतें, आणि तें कोणासच वाईट वाटत नाहीं.

आतां राहिली ती सर्वांत मोठी गोष्ट, आणि ती वादळाची. २००९ चें फयान, २०१९ चें क्यार आणि २०२१ चें तौक्ते हीं नांवें या किनाऱ्यावर कोणी विसरलेलें नाहीं. १६ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून उत्तरेस गेलें, तेव्हां सिंधुदुर्ग जिल्ह्यांत विजेचे खांब मोडले, तारांवर झाडें पडलीं, कित्येक गांवें दिवसच्या दिवस अंधारांत राहिलीं, आणि वीज गेल्यावर मोबाईलचे मनोरेही मुके झाले. ज्याच्या हातांत जगाच्या बातम्या होत्या त्यास शेजारच्या गांवाची बातमी मिळेना.

अशा वेळीं मोबाईल सर्वस्वीं निरुपयोगी होतो असें मात्र नाहीं. पुष्कळ मोबाईलमध्यें एफ. एम. रेडिओ असतो. त्यास मनोरा लागत नाहीं, इंटरनेट लागत नाहीं, सिमकार्डही लागत नाहीं. त्यास फक्त एक गोष्ट लागते, आणि ती म्हणजे तारेचा हेडफोन. एफ. एम. च्या लहरी सुमारें तीन मीटर लांबीच्या असतात; त्या टिपण्यास हात-दोन हात लांबीची तार तरी हवी, आणि मोबाईलच्या चपट्या पेटींत तेवढी तार मावत नाहीं. म्हणून कारागिरांनीं हेडफोनच्या तारेसच एरियल केलें. बिनतारी हेडफोनच्या लहरी अगदीं आंखूड, म्हणून त्याचें एरियल कानांतील मण्यांत मावतें. पण त्यामुळेंच एफ. एम. ची लांब लहर त्यास टिपतां येत नाहीं. तार लावली कीं मोबाईल दूरच्या केंद्राचा आवाज पकडतो, आणि पुष्कळ मोबाईलमध्यें तार लावलेली असतांही आवाज बाहेरच्या कर्ण्यावर सोडतां येतो, म्हणजे सबंध घरास बातमी ऐकूं येते. हें जाणूनच केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयानें एप्रिल २०२३ मध्यें मोबाईल बनविणाऱ्यांस एफ. एम. ची सोय बंद करूं नये अशी सूचना दिली, आणि तींत आपत्तीच्या वेळच्या उपयोगाचा स्पष्ट उल्लेख केला.

यावरून निवाडा करावयाचा तो असा. रोजच्या कामांत, हात गुंतलेले असतांना, ज्यास परवडेल त्यानें बिनतारी हेडफोन खुशाल वापरावा. एक कान मोकळा ठेवावा, आवाज बेताचा ठेवावा. शिकणाऱ्या मुलांस, वृद्धांस व ज्यांस बॅटरी भरण्याची कटकट नको त्यांस तारेचाच बरा. परंतु घरांत कितीही बिनतारी नग असले तरी तारेचा एक हेडफोन प्रत्येक घरांत असलाच पाहिजे, आणि नवा मोबाईल घेतांना त्यास वाटोळें भोंक व एफ. एम. आहे कीं नाहीं हें दुकानदारास विचारून घ्यावें. टाईप-सी खुंटीच्या तारेवर एफ. एम. चालेलच असें धरून चालूं नये. तें दुकानांतच लावून पाहावें.

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं कोंकणांतील गृहस्थ घर शाकारतो, लाकूडफाटा आंत घेतो, कंदिलाची कांच पुसून ठेवतो. त्याच दिवशीं त्यानें तारेचा हेडफोन मोबाईलला लावावा, आपल्या अंगणांत कोणतें केंद्र कोणत्या आंकड्यावर ऐकूं येतें तें शोधावें, तो आंकडा भिंतीवरील कालनिर्णयाच्या कडेला लिहून ठेवावा, आणि हेडफोन प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून काडेपेटीच्या शेजारीं ठेवून द्यावा.