चाळिशी आणि आपलं वाचन

 

आज आम्ही डोळ्यांबद्दल बोलणार आहोत आणि वाचनाबद्दलही. एका भाषणात दोन विषय कशाला, असं वाटेल. पण ऐकता ऐकता लक्षात येईल की हे दोन विषय एकाच घरात नांदतात.

बैठकीत इतिवृत्त लिहायची पाळी आली की काही जणी हळूच वही पुढं सरकवतात. "तूच लिही गं बाई, तुझं अक्षर चांगलं." बँकेत स्लिप भरायची वेळ आली की "माझं आपलं तेवढं भरून दे." फोनवर मेसेज आला की शेजारचा पोरगा बोलवायचा. या बायका अडाणी आहेत का? मुळीच नाही. कुणी सातवी शिकलेली, कुणी दहावी. लग्न होऊन आल्या तेव्हा भावाला पत्रं लिहायच्या, किराणा बांधून आलेल्या कागदावरचा मजकूरसुद्धा वाचायच्या. मग मधेच हे वाचन गेलं कुठं?

आम्ही आमच्या गटांत नीट विचारायला लागलो, तर उत्तरं साधारण सारखीच आली. "अक्षरांच्या मुंग्या होतात." "वाचायला घेतलं की कपाळ दुखतं." "आता आमचं काय वय राहिलंय का वाचायचं?" वय विचारलं तर बेचाळीस, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. सुईत दोरा ओवायला सून नाहीतर नात लागते. तांदळातला खडा ताटात दिसत नाही, दाताखाली आल्यावर कळतो. मेथी निवडायला दारात, उजेडात जाऊन बसावं लागतं. पण लांबची एसटी कुठल्या गावाची, ते पाटीवरून बरोबर ओळखतात.

मैत्रिणींनो, हा आजार नाही. आपल्या जुन्या माणसांनी याला नाव देऊन ठेवलंय, चाळिशी. वयालाही चाळिशी म्हणायचं आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणायचं. "माझी चाळिशी कुठं ठेवली गं?" असं आजोबा विचारायचे ते आठवत असेल. आजी तसं विचारताना मात्र फारशी ऐकू आली नाही, कारण तिला कुणी चाळिशी आणूनच दिली नव्हती.

हे होतं कसं? डोळ्याच्या आत एक भिंग असतं. लहानपणी ते लवचीक असतं. जवळचं पाहायचं झालं की ते फुगतं, लांबचं पाहायचं झालं की सपाट होतं. वय वाढतं तसं ते घट्ट होत जातं. चाळिशीच्या आसपास जवळचं पाहण्यापुरतं फुगणं त्याला जमेनासं होतं. म्हणून आपण वही लांब धरतो, आणि एक दिवस हातच पुरत नाही. हे सगळ्यांना होतं. शिकलेल्याला, न शिकलेल्याला, बाईला, पुरुषाला, पुण्यामुंबईच्या साहेबालासुद्धा. गाजर खाऊन, डोळ्यांत थेंब घालून किंवा सकाळी दवात चालून ते भिंग परत मऊ होत नाही. गाजर जरूर खा, पालेभाजी खा, पण त्यानं चाळिशीचा नंबर जात नाही. त्याला इलाज एकच, जवळचं पाहायचा चष्मा.

आता चष्म्याबद्दल गावात काय काय बोलतात तेही आम्ही ऐकतो. एकदा लावला की नंबर वाढतच जातो म्हणतात. नंबर वाढतो तो वयानं, चष्मा लावा नाहीतर नका लावू. साधारण चाळिशीला एकच्या आसपास असतो, पन्नाशीला दोनच्या आसपास जातो आणि साठीनंतर फारसा पुढं सरकत नाही. दुसरं म्हणजे, चष्मा लावला की बाई म्हातारी दिसते. यावर आमच्या गटातल्या एका वहिनींनी भर बैठकीत उत्तर दिलं होतं, "खडा दाताखाली आला की नवरा जे बोलतो, त्यानं मी जास्त म्हातारी होते." हसून हसून बैठक थांबवावी लागली.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, म्हणून एक घडलेली हकिगत सांगतो. नाव-गाव सांगत नाही.

एका गटातल्या काकूंना रक्तदाबाची गोळी चालू होती. सरकारी दवाखान्यातून मिळायची, रोज एक. मधे त्या लेकीकडं शहरात राहायला गेल्या. तिथं चक्कर आली म्हणून लेकीनं खासगी डॉक्टरांना दाखवलं. जुन्या गोळ्यांची पट्टी गावीच राहिली होती, काकूंना नाव सांगता आलं नाही. डॉक्टरांनी रक्तदाब तपासून गोळी लिहून दिली. काकू गावी आल्या आणि दोन्ही गोळ्या घ्यायला लागल्या. एक सरकारी, एक लेकीकडची. पाकिटं वेगळी, रंग वेगळा, वर मोठ्या अक्षरांत लिहिलेली नावं वेगळी. पंधरा दिवसांत पायांवर सूज आली, उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. घरच्यांना वाटलं उन्हानं होतंय. आशाताई घरी आल्या, त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मोठ्या नावाखालचं बारीक नाव वाचलं. दोन्हींवर एकच होतं, अ‍ॅम्लोडिपिन. काकू एकच औषध दुप्पट घेत होत्या. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी एक पट्टी बंद केली, सूज उतरली.

काकू सातवी पास आहेत. त्यांना थोडंफार इंग्रजी अक्षर लागतं. पण पट्टीवरची ती मुंगीएवढी अक्षरं त्यांना दिसतच नव्हती. "दिसलं असतं तर मी विचारलं असतं," एवढंच त्या म्हणाल्या.

म्हणून औषधाच्या पट्टीबद्दल थोडं सविस्तर सांगतो. पट्टीवर मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. खऱ्या औषधाचं नाव त्याच्याजवळ, बहुतेक वेळा बारीक अक्षरांत असतं. दोन दवाखान्यांची औषधं एकत्र घेण्याआधी हे नाव मिळवून बघावं, आपल्याला जमलं नाही तर आशाताईंकडून किंवा औषध दुकानदाराकडून वाचून घ्यावं. गोळी कधी खराब होणार ती तारीख बहुतेक पट्टीच्या कडेला छापलेली असते. आपण नेमकी तिथूनच गोळी फोडायला सुरुवात करतो आणि तारीख फाटून जाते. दुसऱ्या टोकापासून सुरुवात करा. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. मागच्या वेळी उरलेली गोळी शेजारणीला द्यायची नाही, "मला गुण आला होता" हे कारण चालत नाही. आणि पट्टी इंग्रजीतच असते हे खरं आहे. त्यासाठी आम्ही सोपा मार्ग काढलाय. घरातल्या शाळकरी मुलीनं पाकिटावर जाड पेनानं मराठीत लिहायचं: बीपीची, सकाळी एक. साखरेची, जेवणाआधी. तिलाही काम कळतं आणि आजीलाही दुसऱ्यावर विसंबावं लागत नाही.

ओआरएसच्या पुडीचंही तसंच. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम मिसळायची असते आणि ते पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. हे पुडीवर छापलेलं असतं. पण कित्येक घरांत चिमूट-चिमूट पेल्यात घालतात, जुलाब झालेल्या लेकराला कधी जास्त खारट तर कधी नुसतं पाणी जातं. बाजारात एका पेल्यापुरती लहान पुडीही मिळते, म्हणून पाणी किती ते पुडीवर वाचूनच ठरवायचं.

आता चष्मा करायचा कसा? आधी घरी एक साधी पारख करा. गटाची वही नाहीतर वर्तमानपत्र घ्या. हात कोपरात वाकवून, साधारण दोन वितींपेक्षा थोडं कमी अंतरावर धरा. एक डोळा तळव्यानं झाका, दाबू नका, आणि वाचा. मग दुसरा. दोन्ही डोळ्यांनी सारखंच अंधूक दिसत असेल आणि लांबचं चांगलं दिसत असेल, तर बहुतेक चाळिशीच. एकाच डोळ्यानं अंधूक असेल तर मात्र चष्म्याच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडं जा.

खरं सांगायचं तर एकदा डोळे तपासून घेणं सगळ्यांनाच गरजेचं आहे. जत्रेत, आठवडी बाजारात शंभर-दीडशे रुपयांत तयार चष्मे मिळतात. चाळिशीपुरते ते चालतातही. पण बाजारातला माणूस डोळ्याच्या आत बघत नाही. काचबिंदू हा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो आणि गेलेली नजर परत मिळत नाही. मोतीबिंदूचं तसं नाही, त्याचं ऑपरेशन होतं आणि दिसायला लागतं. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासायलाच हवा, अगदी चांगलं दिसत असलं तरी. ग्रामीण रुग्णालयात नेत्र तपासणी कुठल्या वारी असते ते आशाताईंना विचारा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, त्यातून मोतीबिंदूची ऑपरेशनं मोफत होतात, वयस्कर माणसांना जवळचा चष्माही मिळू शकतो. शिबिरात गेलात तर तोंड उघडून विचारा, आपण विचारत नाही म्हणून राहून जातं. आणि डोळा अचानक लाल होऊन ठणकायला लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली किंवा एकदम दिसेनासं झालं, तर शिबिराची वाट बघायची नाही, त्याच दिवशी निघायचं. घरात उरलेले जुने थेंब, मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध, यातलं काही डोळ्यात घालायचं नाही. थेंबांची बाटली फोडली की महिन्याभरानं टाकून द्यायची.

पैशाचं म्हणाल, तर आपल्या दशसूत्रीत आरोग्यही आहे आणि शिक्षणही. आपण शेळीसाठी अंतर्गत कर्ज घेतो, म्हशीच्या औषधाला घेतो. आमच्या एका गटात पहिल्यांदा चष्म्यासाठी अंतर्गत कर्जाची मागणी आली तेव्हा दोघी-तिघी हसल्या. पण त्या बाई शिवणकाम करायच्या. काजं-बटणं आणि हातशिलाई जमत नाही म्हणून आलेलं काम परत पाठवत होत्या. चष्मा आल्यावर संध्याकाळच्या उजेडातही हातशिलाई होऊ लागली, तीन हप्त्यांत परतफेड केली. मोठ्या प्रमाणावरही हे तपासून झालंय. आसाममध्ये चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या चाळिशीपुढच्या मजुरांना असा चष्मा देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये छापून आले. पानं खुडणाऱ्यांत बायकाच जास्त. चष्मा मिळालेल्यांची खुडणी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त भरली. हात तेच, मळा तोच.

आता वाचनाकडं येतो. गावात एक गंमत दिसते. जी आजी वर्तमानपत्र वाचता येत नाही म्हणते, ती श्रावणात पोथी मात्र वाचते. लोक म्हणतात देवाची कृपा. कृपा असेलही, पण पोथीची अक्षरं केवढी ठळक असतात ते एकदा बघा. अक्षर मोठं असलं की वाचता येतं, म्हणजे वाचायला ती विसरलेली नाही. शिवाय पोथी एकटीनं वाचायची नसते. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी वाती वळत ऐकायचं, मधेच कुणी अर्थ विचारायचा. ही रीत आपल्याकडं होतीच, आम्ही ती फक्त गटाच्या बैठकीत आणली. बचत गोळा झाली, वही लिहून झाली की पंधरा मिनिटं वाचन. जिच्याकडं चाळिशी आली तिची पाळी आधी.

सुरुवातीला आशाताईंकडच्या आरोग्याच्या पत्रिका वाचल्या. मग वाचनालयातून पुस्तकं आणायला लागलो. जवळच्या मोठ्या गावात शासनमान्य वाचनालय असतंच, अनामत भरून गटातल्या एकीच्या नावानं सभासद झालं तरी पुरतं. सध्या लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' चालू आहे. लक्ष्मीबाई लग्नानंतर नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकल्या. रमाबाई रानडेही तशाच शिकल्या, आणि घरातल्या बायकांचे टोमणे खात शिकल्या, ते त्यांनीच 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या 1910 साली आलेल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. 'स्मृतिचित्रे' वाचायला घेताना आम्हाला वाटलं होतं, जुनं पुस्तक, जुनी भाषा, बायका कंटाळतील. पण घरात पैसा टिकत नाही, नवरा मनात येईल तेव्हा उठून चालू लागतो, बाईनं सगळं निस्तरायचं, हे वाचल्यावर कंटाळतंय कोण? पंधरा मिनिटांची पाऊण तास बैठक होते. कुणी टिळकांची बाजू घेतं, कुणी लक्ष्मीबाईंची. मागच्या बैठकीत तर कर्जाचा विषय राहिला आणि याच्यावरच वाद झाला.

पुढच्या महिन्यात आमच्या गावात डोळे तपासणी आहे. येताना आधार कार्ड, घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या आणि आधीचा चष्मा असेल तर तो घेऊन या. साखरेचा आजार असेल तर शेवटचा रिपोर्टही आणा. पडदा तपासताना डोळ्यांत थेंब घालतात, त्यानं काही तास अंधूक दिसतं, म्हणून कुणाला तरी सोबत आणा आणि त्या दिवशी खुरपणीचं काम धरू नका. सासूबाईंना आणायचं विसरू नका, त्या स्वतःहून येणार नाहीत.